रत्नागिरीतील एमआरआय केंद्र : आईच्या तपासणीचा अनुभव

आई 74 वर्षांची. माणसांची नावे विसरू लागल्यामुळे राजापूरहून रत्नागिरीतील एका खासगी केंद्रात नेऊन आम्ही तिच्या मेंदूचा एमआरआय करून घेतला. यात क्ष-किरण नसतात, चुंबकीय क्षेत्र व रेडिओ लहरींवर हे यंत्र चालते, हे तंत्रज्ञांनी तिला तिच्याच बोलीत समजावले, बांगड्या उतरवून घेतल्या, आवाजासाठी कानात बोळे दिले. त्यामुळे ती न घाबरता स्वस्थ पडून राहिली. सर्वांत मोलाचे ठरले ते रेडिओलॉजिस्टनी प्रतिमा दाखवत केलेले विवेचन: वयानुसार मेंदूचे आकारमान घटते, आतल्या पोकळ्या रुंदावतात, पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मेंदूतल्या चेतातंतूंच्या भागात, ठिपके दिसू लागतात, आणि या ठिपक्यांचा उच्च रक्तदाबाशी जवळचा संबंध असतो. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागाची झीज वयाला साजेशीच आहे, पण केवळ प्रतिमेवरून निदान होत नाही, स्मृतिचाचणी हवीच, असे त्यांनी बजावले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 120 ज्येष्ठांवरील एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढलेला आढळला होता. आई आता रोज सकाळी चालते. अहवाल मात्र तिसऱ्या दिवशी आणि फक्त इंग्रजीत मिळाला. चार ओळींचा मराठी सारांश केंद्राने जरूर जोडावा.