सिगारेट सोडवणारी औषधे: पैसे वसूल होतात का?

धूम्रपान सोडण्याची औषधे घेणारे बहुतेक जण पाकिटावरची किंमत पाहतात. खरे तर औषधामुळे जादा किती माणसे वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर राहिली, यावर हिशेब करायला हवा.

या कसोटीवर सायटिसिन या गोळीला मी वरचा क्रमांक देईन, अर्थात ते जिथे स्वस्त मिळते तिथे. बल्गेरियात ते 1964 पासून वापरात असून कोर्स अवघा 25 दिवसांचा आहे. पोलंडमधील 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर सायटिसिन घेतलेल्यांपैकी 8.4 टक्के लोक धूम्रपानमुक्त होते, तर औषध नसलेली, फक्त तशीच दिसणारी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 2.4 टक्के होते. म्हणजे शंभरांमागे सहा जण जादा सुटले, किंवा एक जण जादा सुटण्यासाठी साधारण सतरा कोर्सचे पैसे पडले. हे यश किरकोळ वाटेल, पण फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांचा खर्च शेजारी मांडला की ते महाग वाटत नाही.

व्हॅरेनिक्लिन या दुसऱ्या गोळीचा कोर्स सहसा बारा आठवड्यांचा, त्यामुळे बिल मोठे; मात्र सुमारे आठ हजार लोकांवरील 2016 च्या चाचणीत ते ब्युप्रोपिऑन ही गोळी आणि त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी या दोन्हींपेक्षा सरस ठरले. मानसिक दुष्परिणामांची भीतीही त्याच चाचणीने बरीच कमी केली. मळमळ मात्र अनेकांना होते, म्हणून गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्यांना चालत नाही.

निकोटिनच्या गमवर सर्वाधिक पैसे वाया जातात, आणि दोष गमचा नसतो. साध्या च्युइंग गमसारखे ते सतत चघळले तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, घसा जळजळतो आणि तलफ तशीच राहते. तिखटसर चव येईपर्यंत हळूहळू चावून ते गालाच्या आत दाबून ठेवायचे, चव ओसरली की पुन्हा चावायचे. कॉफी प्यायल्यावर लगेच ते तोंडात टाकू नये, कारण आम्लामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याने 2 मिलिग्रॅमचे गम स्वस्त म्हणून घेणे ही खोटी काटकसर आहे. त्याला 4 मिलिग्रॅमचेच लागते. पट्टी आणि गम एकत्र वापरण्याचा खर्च वाढतो, तरी एकट्या पट्टीपेक्षा यश जास्त मिळत असल्याने तो मला योग्य वाटतो.