लंडनहून वायरने गाडीचे पैसे: ₹59,500 कुठे गेले आणि 71ए मध्ये काय लिहिलं होतं

गाडी विकताना दाजींचे एकूण ₹59,500 गेले, लंडनच्या खोट्या गिऱ्हाइकाला. त्यातले ₹41,000 ‘ट्रान्सपोर्ट आणि आरटीओ एजंट’च्या नावाखाली, ₹18,500 ‘फेमा क्लिअरन्स’च्या (फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा) नावाखाली. गाडी दारात उभी आहे, तेवढंच नशीब. दाजींची 2018 ची डिझेल ब्रेझा, एमएच-13 पासिंग, सिंगल ओनर, ठरलेला भाव ₹7,25,000. घेणारा म्हणे मूळचा बार्शीचा, सध्या लंडनला, गाडी वडिलांसाठी हवी. भाव घासला नाही, गाडी बघायला माणूस पाठवला नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहेच: वायरने, म्हणजे परदेशातल्या बँकेतून थेट, ₹7,66,000 ‘पाठवले’ म्हणून कागद आला, वरचे ₹41,000 ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच द्या म्हणाला. दाजींनी दिले, आयएमपीएसने. वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, आम्ही नसतो फसलो. आम्हीही तेच म्हणायचो.

जास्त झोंबतं ते वेगळंच. आमचं काम टॉवेल एक्स्पोर्टच्या अकाउंट्सचं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. बाहेरचे पैसे कसे येतात, बँक काय विचारते, कुठला कागद लागतो हे रोजचं. दाजींनी ती स्विफ्ट कॉपी, म्हणजे वायर पाठवल्याचा बँकेचा कागद, म्हणूनच आमच्याकडे पाठवली, ‘एकदा बघून घ्या’ म्हणून. आम्ही बघितली आणि ‘दिसतेय बरोबर’ असं कळवलं. महिनाअखेर होती, फोनवर आलेला फोटो होता, नाव, खाते नंबर, बँकेचा कोड सगळं जुळत होतं. जुळणारच की, दाजींनीच तर दिलं होतं! खोट्या कॉपीत तुमची माहिती नेहमीच बरोबर असते. तपासायची असते ती बाकीची.

तो कागद आता पाठ झालाय. वरती एमटी103, म्हणजे बँकांच्या अशा निरोपाच्या साच्याचं नाव, खाली रकाने. 32ए मध्ये तारीख, चलन, रक्कम. 50के मध्ये पाठवणारा, 59 मध्ये घेणारा. आणि तळाशी 71ए, म्हणजे चार्जेस कोणाचे. तिथे इंग्रजी तीन अक्षरं असतात: ‘ओयूआर’ असेल तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘एसएचए’ असेल तर दोघांत वाटून, ‘बीईएन’ असेल तर घेणाऱ्याच्या रकमेतून वजा. आमच्या कॉपीवर स्वच्छ ओयूआर होतं. पाठवणाऱ्यानेच लिहून दिलंय की सगळा खर्च माझा, आणि त्याच कॉपीच्या जोरावर दुसऱ्या दिवशी ‘बँके’चा ईमेल येतो की तुमचे पैसे अडकलेत, क्लिअरन्सचे ₹18,500 भरा. दोन्ही कागद एकाच फोनमध्ये, एकाखाली एक. ₹41,000 गेले ते एक वेळ समजू शकतो, घाई होती, माणूस गोड बोलत होता. पण हे ₹18,500 त्या तीन अक्षरांकडे बघितलं असतं तर गेलेच नसते. आणि ‘बीईएन’ असतं तरी चार्ज आलेल्या रकमेतून कापला जातो. तुम्ही आधी खिशातून भरा आणि मग पैसे सोडतो, अशी पद्धत जगात कुठल्याच बँकेची नाही. ‘फेमा क्लिअरन्स’ नावाची फी घेणाऱ्याकडून कोणी घेत नाही. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही आणि पैसे सोडायला फोनही करत नाही, हे ती स्वतःच कितीदा सांगून बसलीय.

दुसरी गोष्ट रकमेची. 32ए मध्ये आयएनआर 7,66,000.00, गोल आकडा. लंडनचा माणूस स्विफ्टने पाठवतो ते सहसा पौंड नाहीतर डॉलर. ते इथल्या बँकेच्या टीटी बाइंग रेटने, म्हणजे आलेलं परकीय चलन विकत घ्यायच्या भावाने, रुपयांत बदलतात, मधल्या बँकेने आपलं कापलेलं असतं, इथली बँक आपलं कापते, वर चलन बदलण्याचा जीएसटी. ₹7,66,000 ला तो जीएसटीच ₹779.40 होतो: एक लाखापर्यंत ₹1,000 आणि पुढच्या रकमेवर अर्धा टक्का हे मूल्य धरायचं, त्यावर 18 टक्के. एवढ्या सगळ्यातून पैसे खाली आले की आकडा वेडावाकडाच पडतो. एक्स्पोर्टच्या खात्यात गोल रुपये पडलेले आम्ही तरी पाहिले नाहीत. एक अपवाद आहे आणि त्यावरही लोक गंडतात. आखातातल्या एक्सचेंज हाऊसमधून पाठवलेले पैसे इथे रुपयांतच, एनईएफटीसारखे जमा होतात, तिथे आकडा गोल असू शकतो. पण मग ते थेट खात्यात दिसतात. त्याला एमटी103 ची कॉपी लागत नाही आणि ‘होल्ड’चा ईमेलही येत नाही.

तिसरं, ट्रॅकिंग नंबर. यूईटीआर म्हणतात त्याला. 36 खुणा असतात, मधल्या रेघा धरून: आठ, चार, चार, चार, बारा असे गट. तिसऱ्या गटाची सुरुवात 4 नेच होते आणि चौथा गट 8, 9, ए किंवा बी यांपैकी एकानेच सुरू होतो. आमच्या कॉपीवर तिसरा गट 7 ने सुरू होत होता. कोणीतरी कीबोर्डवर हात फिरवून टाकलेला नंबर. आकडा बरोबर दिसला तरी लगेच विश्वास नको, खऱ्या व्यवहाराचा नंबर चोरून चिकटवता येतो. तो नंबर घेऊन आपल्या बँकेत जायचं आणि त्यांना शोधायला लावायचं. आणि हो, नोव्हेंबर 2025 पासून बँका आपसात हा निरोप जुन्या एमटी103 च्या साच्यात पाठवत नाहीत, पॅक्स.008 या नव्या साच्यात पाठवतात. ग्राहकाला जुन्या धाटणीची प्रिंट अजून मिळू शकते, त्यामुळे निव्वळ त्यावरून कागद खोटा ठरत नाही. पण कागद खरा असला तरी काय? पैसे पाठवल्याचा निरोप म्हणजे पैसे आले असं नव्हे. निघालेला निरोप रद्द करायची विनंतीही करता येते.

ईमेलचं तर बोलायलाच नको. बँकेचा लोगो, खाली लांबलचक इंग्रजी, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बँकेच्या नावापुढे जोडरेघ आणि ‘रेमिट’. फोनवर नुसतं नाव दिसतं, पत्ता दिसत नाही, तो दाबून उघडावा लागतो. दाजींचं वय 63. त्यांनी नाही उघडला, तर त्यांना काय बोलायचं? तिसरी मागणी आली ₹32,000 ची, ‘टीडीएस’ म्हणून, तेव्हा ते आमच्याकडे आले. नाहीतर तेही गेले असते.

खरे पैसे येतात तेव्हा काय होतं? उलट होतं. बँक तुम्हाला शोधते. अमुक रक्कम आली आहे, कशाबद्दल ते सांगा म्हणते. पर्पज कोडचा, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा, फॉर्म भरून घेते, गाडी विक्रीचा करार, आरसीची प्रत मागते. सोलापुरातल्या प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं टेबल नसतं, तेव्हा फॉर्म इथे देऊन काम पुण्या-मुंबईच्या शाखेतून होतं, दिवस जातात. पतसंस्थेच्या खात्यात तर बाहेरची वायर येतच नाही. पाठवणाऱ्याला द्यायचं काय, तर खात्यावरचं नाव जसंच्या तसं, खाते नंबर, बँकेचा स्विफ्ट कोड, शाखेचा पत्ता. बस्स. स्विफ्ट कोड 8 किंवा 11 अक्षरांचा, त्यातलं पाचवं-सहावं अक्षर देशाचं, आपल्याकडचं आयएन. आरसीचा फोटो, आधार, कॅन्सल चेक, सही केलेला फॉर्म 29 आणि 30 (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म), यातलं काही म्हणजे काही पाठवायचं नाही. दाजींनी आरसी आणि आधार पाठवलं होतं. त्याच फोटोंवर तीच गाडी दुसऱ्या जाहिरातीत ₹4,90,000 ला चढली आणि विजापूरच्या एका माणसाने ₹15,000 टोकन देऊन आम्हाला फोन केला, गाडी कधी देता म्हणून. त्याला काय उत्तर द्यायचं?

मुळात एवढं कशाला हवं? परदेशात राहणाऱ्या बहुतेक भारतीयांचं इथल्या बँकेत एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं असतं. त्या खात्यातून आरटीजीएस कर म्हणायचं. दोन लाखांपासून वर आरटीजीएस चालतं, डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, 22 अक्षरांचा येतो, आणि एकदा जमा झालं की पाठवणाऱ्याला परत फिरवता येत नाही. वायर मात्र फिरू शकते. पाठवणाऱ्याने ते पैसे कोणाचं तरी खातं फोडून पाठवले असतील तर मागून तक्रार येते आणि तुमच्या खात्यावर लियन पडतो, म्हणजे रक्कम अडकते. म्हणून वायरच घ्यायची वेळ आली तर पगाराच्या खात्यावर घेऊ नका, वेगळं बचत खातं काढा. क्रेडिट झाल्यावर बँकेकडून इनवर्ड रेमिटन्सचा ॲडव्हाइस, म्हणजे बाहेरून पैसे आल्याचा कागद, घ्या, स्टेटमेंट शाखेत जाऊन बघा, आणि मगच चावी. डॉलरचा चेक किंवा ड्राफ्ट पाठवतो म्हणाला तर फोन ठेवा, कलेक्शनला गेलेला परदेशी चेक आठवड्यांनीही परत येतो. रोख द्यायला कोणी तयार झालं तर दोन लाख आणि त्यावर रोख घेणं आयकर कायद्याप्रमाणे चालत नाही. आणि ठरलेल्या भावापेक्षा जास्त पैसे पाठवणारा माणूस चोरच. याला अपवाद आम्हाला माहीत नाही.

आता तक्रारीचं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागला, यूटीआर, वेळ, समोरचं खातं सगळं घेतलं, पावती नंबर मिळाला. त्याबद्दल तक्रार नाही. ₹41,000 ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे तीन खात्यांत गेलेले, ₹11,300 तेवढे सापडून होल्ड झाले. ₹18,500 चा पत्ता नाही. इथून पुढे रामायण. एका पोलीस ठाण्यात गेलं तर म्हणे सायबरला जा. सायबरला गेलं तर म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीच्या ठाण्यात द्या. पुन्हा पहिल्या ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तात. आयटी कायद्यातला तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्यानेच करायचा असतो हे बरोबर, पण तक्रार टेबलावर घ्यायला साहेब कशाला लागतात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घेतलीच पाहिजे असं लिहिलंय. ईमेलनेही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. हे कलम दाखवलं तर समोरचा हवालदार म्हणतो, ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही, टॉवेलचे हिशेब लिहितो. पण वाचता येतं.

सायबर पोर्टलवरची पावती म्हणजे एफआयआर नव्हे, हे कोणी आपणहून सांगत नाही. होल्ड झालेले ₹11,300 परत मिळवायला आम्हाला कोर्टात अर्ज करा म्हणाले, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 457, आता नागरिक सुरक्षा संहितेत 503, आणि तिथे एफआयआर किंवा पोलिसांचं म्हणणं मागतात. म्हणजे ज्यांनी तक्रार घेतली नाही त्यांच्याकडेच पुन्हा जायचं. अर्ज द्या, पोच घ्या, पोचवर तारीख-शिक्का मागून घ्या, नाही दिला तर तोच अर्ज वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्जात लिहायची कलमं, भारतीय न्याय संहितेचं 318(4) आणि आयटी कायद्याचं 66डी. तोंडी ‘फसवलं हो साहेब’ म्हणत बसलात तर समजूत काढून परत पाठवतात.

बँक तर त्याहून थंड. ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवले, ओटीपी तुम्ही टाकला.’ रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये आणलेला नियम, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होता, इथे चालला नाही. मान्य. पण आमच्या बँकेच्या लोगोने ईमेल फिरतोय हे दाखवल्यावर ‘हेड ऑफिसला मेल करा’ याच्यापलीकडे शाखेला काही सुचू नये? त्याच ईमेलने उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाठलं तर? लेखी तक्रार दिली आहे, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, जाणार आहोत. ज्या बँकेत त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं खातं होतं तिथे केवायसी कोणाची, कोणी केली, हा प्रश्न विचारायची सोयच नाही. गोपनीय म्हणे. चोराची गोपनीयता जपायची आणि आमचं आधार गावभर.

गाडी गेली असती तर आणखी वाईट. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. त्यामुळे खरा गिऱ्हाईक असला तरी चावी देताना डिलिव्हरी नोट करा, तारीख, वेळ, किलोमीटर आणि दोघांच्या सह्या घालून. आपला फास्टॅग बंद करा. लोन असेल तर फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा) आणि एनओसी आधी. ट्रान्सफरची खबर आरटीओला 14 दिवसांत, आपण स्वतः, एजंटच्या भरवशावर नको. वाहन पोर्टलचा ओटीपी पैसे दिसेपर्यंत कोणालाही नाही.

गाडी अजून विकायची आहे. ₹7,25,000, आता घासाघीस चालेल, उलट केलीत तर बरं वाटेल. घेणाऱ्याने सोलापुरात येऊन गाडी बघायची, बरोबर आपला मिस्त्री आणायचा, बँकेत आमच्याबरोबर बसून आरटीजीएस करायचं. लंडनहून, दुबईहून, कुठूनही फोन करणाऱ्याने इथलं खातं नंबरासकट आधी सांगायचं. ट्रान्सपोर्टचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा.