हलाल नफा, दर पाच तारखेला

श्रीवर्धनकडच्या आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. पैसा बँकेत येतो, पण त्यावरच्या व्याजाला कित्येक घरं शिवत नाहीत. सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत न धरता ते कुणा गरजूला देऊन टाकतात. मुद्दल तसंच पडून राहतं. आम्हाला लुटणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

एजंट परका नव्हताच. मामूंच्या सासुरवाडीचा, जमातीच्या कामात पुढे असणारा. "खाला, हे सूद, म्हणजे व्याज, नाही, नफा आहे," म्हणत त्याने अम्मीपुढे शिक्का मारलेला फतवा ठेवला. लाखाला महिना अडीच हजार, मुद्दल सुरक्षित, शिवाय कंपनीच्या नफ्यातून गरिबांच्या मुलांची फी. एका मुलीची फी खरंच भरली आणि तिचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरवला. सुरुवातीला हप्ते चोख आले. मग सर्व्हर बदलत होता, मग रमजान होता, मग ऑफिसला कुलूप. अब्बांची कुवेतची सगळी पुंजी त्यात होती.

असा हलाल नफा ज्या इस्लामी भागीदारीतून येतो ती मुदारबा, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत. त्यात नफ्याच्या वाटणीचं प्रमाण आधी ठरतं, साठ-चाळीस वगैरे. रक्कम ठरत नाही. आणि धंदा करणाऱ्याची कसूर नसेल तर तोटा भांडवलवाल्याचा. म्हणजे ठरलेले अडीच हजार हे नाव बदललेलं व्याजच! फतवा खोटा नसेलही. मुफ्तींपुढे करारनामा ठेवला असेल, खतावणी कशाला ठेवतील?

इजिप्तमध्ये मित घम्र गावी १९६३ साली अशी बिनव्याजी बचत बँक निघाली ती छोट्या लोकांसाठी. आज आखातातल्या मोठ्या इस्लामी बँका मात्र भागीदारीचा धोका फारसा घेत नाहीत. त्यांचा मोठा धंदा मुराबहाचा, माल घेऊन नफा चढवून हप्त्याने विकायचा. त्या जिथे बिचकतात, तिथे नाक्यावरच्या गाळ्यातला माणूस दरमहा ठरावीक नफा कुठून आणणार? भारतात तर रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच इस्लामी बँकिंगचा विचार सोडून दिला.

पावतीवर 'ठेव' हा शब्द नव्हता. आम्ही एलएलपीचे, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेचे, 'भागीदार' होतो. भागीदारांचं भांडवल २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनाबंदी कायद्यात ठेव धरलं जात नाही, त्याचाच आडोसा. त्याच वर्षी बुडालेल्या बंगळूरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीनेही लोकांना असंच भागीदार केलं होतं.

आम्ही अलिबागला आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. ठेवीदारांच्या हितासाठीच्या राज्याच्या १९९९ च्या कायद्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते, म्हणून पावत्या, बँकेच्या नोंदी, ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. बरेच जण जमातीची बदनामी नको म्हणून गप्प आहेत. एजंट गप्प नाही. तो सध्या म्हसळ्यात सोन्याच्या हलाल भिशीसाठी घरं फिरतोय.