आठ महिने एकच तबकडी: मार्गो प्राइसचा पहिला अल्बम

मागच्या जूनमध्ये मार्गो प्राइस या अमेरिकन कंट्री गायिकेची 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' ही एलपी घेतली, आता फेब्रुवारी चालू आहे. घरी टर्नटेबलवर ती आठवड्यातून दोनदा तरी लागते आणि ऑफिसला जाता-येता गाडीत जवळजवळ रोज. अल्बम नवा नाही, २५ मार्च २०१६ चा आहे. मला तो उशिरा सापडला. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसले होते, पण तेव्हा नुसती स्तुती झाली असती. म्हणून ऐकून ऐकून कान निवेपर्यंत थांबले.

आधी मी कुठून ऐकते ते सांगते, कारण या अल्बमच्या बाबतीत त्याने फरक पडतो. मी लातूर जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. सध्या मुक्काम मोलीनला, इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपीच्या काठी. ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरचं मुख्यालय याच गावात, त्यामुळे पुण्याहून बदलून आलेली मराठी घरं इथे बरीच. माझं कामही पेरणीयंत्रांच्या सॉफ्टवेअरचं. मार्गो ज्या भागात वाढली तो अलीडो आणि बफेलो प्रेअरीचा पट्टा इथून पाऊण तासाच्या आत. आमच्याकडे सोयाबीन, त्यांच्याकडेही सोयाबीन, आणि एक साल आड मका. अल्बमचं नावच 'मिडवेस्टातल्या शेतकऱ्याची लेक'. जुन्या पिढीतली कंट्री गायिका लोरेटा लिन हिने १९७० साली स्वतःला 'कोळसा खाणकामगाराची लेक' म्हणवून गायलं होतं, त्या परंपरेला केलेला हा नमस्कार.

पहिलंच गाणं, 'हँड्स ऑफ टाइम', सहा मिनिटांचं आहे. ड्रम आणि बेस चालू होतात, आणि बाई सरळ हिशेब मांडायला लागते. गाव सोडलं तेव्हा खिशात ५७ डॉलर. वडिलांच्या हातून शेत गेलं तेव्हा ती दोन वर्षांची, मग वडिलांनी तुरुंगात दुसऱ्या पाळीची नोकरी धरली. पुढे लग्न, मुलं, आणि त्यातलं एक बाळ गेलं. हे शेवटचं ती एका ओळीत सांगते आणि थांबत नाही, पुढच्या ओळीवर जाते. मागून व्हायोलिनं चढत राहतात. तिला हवंय काय, तर चार पैसे मिळवून ते शेत परत विकत घ्यायचंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. आज ऐकताना गाडी थांबवत नाही, पण त्या ओळीला आवाज वाढवते.

तिच्या घरचं शेत गेलं ते साल १९८५. हे साल इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांसमोर काढून बघा. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढत होते, बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागल्या होत्या, लोकांनी जमिनी वाढवल्या, मोठी यंत्रं घेतली. मग महागाई रोखायला व्याजदर चढवले गेले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ दर २१.५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत सोव्हिएत युनियनला धान्य विकण्यावर बंदी आली होती. पिकाला भाव नाही, व्याज थकलेलं, आणि गहाण टाकलेल्या जमिनीची किंमतही कोसळलेली. मग अंगणात लिलाव. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकँप या गायकांनी शेतकऱ्यांच्या मदतीसाठी २२ सप्टेंबर १९८५ रोजी पहिला 'फार्म एड' जलसा भरवला तो याच राज्यात, शँपेनला. मार्गो आता 'फार्म एड' संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. दोन वर्षांच्या पोरीला यातलं काय कळलं असणार? पण घरात वाढताना ते पुरतं कळतं. आमच्या घरी विहिरीच्या कर्जापायी दोन एकर गेली तेव्हा मी सातवीत होते. बाबा अजून त्या बांधावरून जात नाहीत, लांबून वळसा घालून जातात.

ही गाणी होंकी-टोंक या प्रकारातली. तो ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यांतून आलेलं संगीत, त्याची ही गुत्त्यातली शाखा. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलगावांतून, गावाबाहेरच्या नाचायच्या गुत्त्यांतून हे संगीत मोठं झालं. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून वाद्यं विजेवर गेली, ताल ठळक झाला. आणि समोर बसलेली माणसं दिवसभर राबून आलेली, घर मोडलेली, देणं असलेली, त्यामुळे गाण्यातही तेच आलं. अर्नेस्ट टब, हँक विल्यम्स, लेफ्टी फ्रिझेल ही त्यातली मोठी नावं. मुद्दा हा की विषय कितीही दुःखाचा असला तरी ठेका नाचायचा. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत सासुरवासाचं काय काय सांगितलेलं असतं, आणि हात मात्र फिरत असतो. मला या गाण्यांत तोच गुण दिसला, आणि अल्बम आठ महिने टिकला तो त्यामुळेच. नुसतं दुःख असतं तर महिन्याभरात कपाटात गेला असता.

तो तयार कसा झाला ते कळल्यावर माझी माया आणखी वाढली. मार्गो त्याआधी बरीच वर्षं कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये 'बफेलो क्लोव्हर' नावाच्या बँडमध्ये गात होती. स्वतःच्या नावाच्या अल्बमसाठी पैसे नव्हते. नवऱ्याने, म्हणजे जेरेमी आयव्ही या संगीतकाराने, गाडी विकली, तिने लग्नाची अंगठी गहाण ठेवली. त्या पैशांत मेम्फिसला सन स्टुडिओत तीन दिवस मिळाले. सॅम फिलिप्सने १९५० साली सुरू केलेली आणि १९५४ साली एल्विस प्रेस्लीचा आवाज पहिल्यांदा बाजारात आणणारी हीच ती जागा. आत एक लहानशी खोली आहे. सगळे वादक एकत्र उभे राहून वाजवतात आणि ते तसंच उतरतं. रेकॉर्ड हातात होती, पण घ्यायला कंपनी तयार नव्हती. बऱ्याच नकारांनंतर रॉक संगीतकार जॅक व्हाइटच्या 'थर्ड मॅन' या स्वतंत्र कंपनीने ती घेतली. पाठीशी रेडिओवर गाजलेलं एकही गाणं नसताना हा अल्बम 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री अल्बमांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेला.

त्या खोलीचा परिणाम एलपीवर नीट ऐकू येतो. ड्रम आणि गायिका यांच्यामध्ये भिंत आहे असं वाटत नाही. फोनवरून ऐकताना हे थोडं हरवतं, आणि गाडीत बेस जरा फुगतो. शक्य असेल तर तबकडीच घ्या, पैसे वसूल होतात.

आता पेडल स्टीलबद्दल, कारण माझ्या कानाला सगळ्यात आधी ते लागलं. टेबलासारखं पायांवर उभं असलेलं वाद्य. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, पाय पेडलवर, गुडघे खालच्या दांड्यांवर, आणि वाजवता वाजवता सूर ताणला जातो. आपण ज्याला मींड म्हणतो ती यात सहज निघते. आणि ही ओळख उगाच जोडलेली नाही. हे स्टील आणि आपल्याकडची हवाईयन गिटार, मूळ दोघांचंही हवाईतलं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकूने गिटार आडवी ठेवून पोलादाने वाजवायची रीत रुजवली. १९१५ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याचं वेड पसरलं आणि ती कंट्रीत शिरली. तीच हवाईयन गिटार भारतातही आली, व्हॅन शिपलींच्या हातून हिंदी सिनेमाच्या चालींमधून घराघरांत पोचली, आणि ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. म्हणून 'सिन्स यू पुट मी डाउन' मध्ये स्टील रडायला लागलं की मला परकं वाटत नाही.

'हर्टिन ऑन द बॉटल' हे अल्बममधलं गाजलेलं, दारूने दुःख बुडवण्याचं. पहिले दोन महिने मला हेच सगळ्यात आवडायचं. आता त्यापेक्षा 'वीकेंडर' वर सुई जास्त वेळा जाते. नॅशव्हिलच्या डेव्हिडसन काउंटीच्या तुरुंगात शनिवार-रविवार काढल्याचं गाणं आहे, आणि ते तिने खरंच काढलेले आहेत. त्यात ना फुशारकी, ना माफी. कपडे, कोठडी, घरची आठवण, बस. 'फोर इयर्स ऑफ चान्सेस' मध्ये नवऱ्याला सुधारायला किती मुदत दिली ते दिवसांत मोजलंय: १,४६१. लीप वर्षाचा एक दिवससुद्धा धरलाय! त्या दिवसाने मला जिंकलं. चार वर्षं कोणीही म्हणेल, दिवस तीच बाई मोजते जिने ते एकेक करून काढलेत. 'धिस टाउन गेट्स अराउंड' मध्ये संगीताच्या धंद्यात बाईकडून काय अपेक्षा ठेवतात ते इतकं उघड आहे की ऑफिसातली मैत्रीण ऐकून म्हणाली, हे आपल्याही खात्याचं गाणं आहे.

दुसरी बाजू पहिलीइतकी घट्ट नाही. 'हाउ द मायटी हॅव फॉलन' साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांसारखं गोड आहे, पण आठ महिन्यांत माझ्या मनात घर करू शकलं नाही. शेवटचं 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट लूझर' सुरू होतं न होतं तोच संपतं. एवढ्या भरघोस सुरुवातीनंतर शेवटी थोडं जास्त मिळायला हवं होतं. पहिल्या गाण्यातली व्हायोलिनंही काही जणांना जड वाटतील. मला वाटत नाहीत.

ज्यांना गाण्यात शब्द ऐकायची सवय आहे त्यांनी जरूर घ्यावा. इंग्रजी अवघड नाही. उच्चार थोडे कानावर पडायला दोन-तीन दिवस लागतात.

जानेवारीत बाबांशी व्हिडिओवर बोलत होते, बाहेर गुडघाभर बर्फ, मागे तबकडी चालू. त्यांनी मध्येच विचारलं, "काय वाजायलंय गं? कोण म्हणायलीय हे?" मी फोन स्पीकरजवळ धरला. स्टील वाजलं तेव्हा ते हसले, म्हणाले, सिलोनवर असं लागायचं. मग आईला गाण्यातलं सांगितलं, शेत गेलं, बाप तुरुंगात पहारा करायला लागला, लेकीला ते परत घ्यायचंय. आई "अगं बाई" म्हणून गप्प झाली. बाबा बराच वेळ ऐकत होते. गाणं संपल्यावर विचारलं, "किती एकर होती त्यांची?"

गाण्यात ते नाही, मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, "उन्हाळ्यात येशील तेव्हा पेन ड्राइव्हवर घेऊन ये. ट्रॅक्टरवर लावतो."