साडेचारशे रुपयांचा खोटा मॉनिटर

पाचपैकी चार तारे. अंगठ्याच्या पेराएवढा एचडीएमआय डमी प्लग (मॉनिटर जोडलाय असं पीसीला भासवणारा), किंमत साडेचारशे. आधीच मागवला असता तर माझा शनिवार-रविवार वाचला असता.

आमचा पीसी माळ्यावर असतो, त्याच्या पंख्यांची घरघर घरात कुणालाच सोसत नाही. वर ना मॉनिटर, ना कीबोर्ड. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलंय, म्हणजे एकाच पीसीत अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारी सिस्टिम. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स होस्टला, म्हणजे खुद्द प्रॉक्समॉक्सला, आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड थेट विंडोजच्या व्हीएमला, लेकीच्या आर्किटेक्चरच्या सॉफ्टवेअरसाठी. आत सनशाइन (डेस्कटॉपचं चित्र पकडून नेटवर्कवरून पाठवणारं सॉफ्टवेअर) चालवायचं, तिने खाली लॅपटॉपवर मूनलाइट (ते चित्र दाखवणारं) उघडायचं, असा बेत.

मूनलाइट जोडलं की नुसता काळा पडदा.

मी पासथ्रूच्याच, म्हणजे कार्ड थेट व्हीएमला देण्याच्या जोडणीच्याच, मागे लागले. बायोसमध्ये व्हीटी-डी (पासथ्रूला लागणारी इंटेलची सोय) चालू. एलएसपीसीआय या (जोडलेल्या उपकरणांची यादी देणाऱ्या) कमांडमध्ये कार्ड 01:00.0 आणि त्याच कार्डाचा ऑडिओ 01:00.1, दोन्हींना पासथ्रूसाठीचा ड्रायव्हर व्हीएफआयओ-पीसीआयच. आयओएमएमयू ग्रुपमध्ये (व्हीएमला एकत्रच द्यावी लागणारी उपकरणं) तिसरं कुणी घुसलेलं नाही. तरी जुने सल्ले वाचून व्हीएमपासून हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) लपवला, कार्डाच्या रॉमची (त्याच्या फर्मवेअरची) प्रत काढून व्हीएमला जोडली. (ही लपवाछपवी कोड 43 साठी करावी लागायची, म्हणजे आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून एनव्हिडियाचा ड्रायव्हर कार्ड चालू द्यायचा नाही, त्या एररसाठी. 2021 मध्ये आलेल्या 465 ड्रायव्हरपासून एनव्हिडियानेच जीफोर्स कार्डांना व्हीएममध्ये मोकळीक दिली. आणि मला कोड 43 आलाच कुठे होता!) रिमोट डेस्कटॉपने आत शिरले, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड ठणठणीत, पिवळा त्रिकोण नाही. तिथेच डोकं चालायला हवं होतं.

रविवारी रात्री वैतागून हॉलमधला मॉनिटर शिडीवरून वर चढवला. कार्डाला केबल लावली, व्हीएम पुन्हा सुरू केली आणि खालून हाक आली, "आई, आलं गं!" केबल काढली. "गेलं!"

म्हणजे कार्ड व्हीएममध्ये केव्हाच पोचलं होतं, त्याच्यापुढे पडदाच नव्हता. विंडोज डेस्कटॉप काढणार कुठे आणि सनशाइन पकडणार काय? या प्लगमध्ये ईडीआयडी असलेली चिमुकली मेमरी आहे. कोणकोणती रिझोल्यूशन चालतात याची यादी ती कार्डाला देते, आणि कार्ड त्याला मॉनिटर समजतं. लावल्यापासून महिनाभर 1080पी, 60 हर्ट्झवर बिनतक्रार चाललंय. प्लग हाताला जरा कोमट लागतो, तेवढंच.

एक तारा कापला तो पाकिटावरच्या थापेसाठी. छापलंय 4के, 120 हर्ट्झ; विंडोजच्या यादीत 4केला 60 च्या पुढे काही नाही. माझं अडत नाही, पण कुणी तेवढ्यासाठीच घेईल.

आणि कधी खरा मॉनिटर जोडलात तर प्लग आधी उपटा. नाहीतर विंडोजला दोन पडदे दिसतात आणि खिडक्या त्या खोट्या पडद्यावर जाऊन उघडतात. सेटिंग्जची खिडकी मी दहा मिनिटं शोधत होते. विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण एकदम दाबल्यावर ती परत आली.