तयार एनव्हीआर की जुना संगणक?

घराचे सुरक्षा कॅमेरे निवडून झालेत, केबल कुठून न्यायची तेही ठरलंय आणि गाडी अडलीय ती रेकॉर्डिंग कशावर करायचं यापाशी. तयार एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं उपकरण) आणायचा, की पडून असलेल्या संगणकावर फ्रिगेट किंवा झोनमाइंडरसारखं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं? मी आधी तीन वर्षं एनव्हीआर वापरला आणि आता दोन वर्षं संगणक वापरतोय. मोजमापं घेऊन बसलो नव्हतो, त्यामुळे हे सगळं अनुभवाचं बोलणं आहे.

एनव्हीआरला मी घरात ‘डबा’च म्हणायचो, पण तुच्छतेने नाही. पीओई पोर्ट, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारे पोर्ट, त्याच्या पाठीलाच असतात. केबल खोचली की वीज आणि चित्र एकाच तारेतून, अर्ध्या तासात चारही कॅमेरे चालू. शिवाय त्या पोर्टांवरचे कॅमेरे बहुतेक डबे वेगळ्या नेटवर्कात ठेवतात, म्हणजे ते परस्पर इंटरनेटवर जात नाहीत. ही गोष्ट लहान वाटते, पण २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारे डबे) आणि राउटर मिळून लाखो उपकरणं ताब्यात घेतली, ती मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. तीन वर्षांत मी डबा एकदाच उघडला, तोही धूळ झटकायला.

मग एके दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. “दुपारी दोन ते पाचच्या मधलं जरा बघता का?” असं त्यांनी विचारलं आणि मी ऐटीत “बघतो की” म्हणालो.

डब्याचं वेब पान उघडलं, तर त्याला इंटरनेट एक्सप्लोररचं प्लगइन हवं होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निरोप दिला, पण ते डब्याला कुणी कळवलं नव्हतं. मग माळ्यावरून मॉनिटर काढला, माउस जोडला. टाइमलाइनवर तीन तासांची सलग पट्टी! फांदी हलली तरी हालचाल, ढग आला तरी हालचाल. सोळापट वेगाने डोळे ताणून बघितल्यावर ती गाडी सापडली. वेळ दिसत होती ४ वाजून ११ मिनिटं, पण डब्याचं घड्याळच नऊ मिनिटं पुढे होतं. पेन ड्राइव्ह लावला, तो ओळखेना. एफएटी३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करून परत आणला. फाइल निघाली ती डब्याच्या खास प्रकारातली. ती चालवायला त्यांचाच प्लेअर लागतो, तो फक्त विंडोजवर चालतो आणि शेजाऱ्यांकडे मॅक. शेवटी मी मॉनिटरवरचं चित्र मोबाइलने शूट करून त्यांना पाठवलं. मूळ फुटेजमध्ये नंबरप्लेट नीट वाचता येत होती. माझ्या शूटिंगमध्ये तिच्या जागी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब होतं.

माझा कल फिरला तो त्या संध्याकाळी. चित्र उत्तम होतं, साठवणूक चोख होती, फक्त लागेल तेव्हा बाहेर काढता येत नव्हतं. नवे डबे सुधारलेत आणि सरळ एमपी४ देणारेही आहेत, हे मान्य. डबाच घेणार असाल तर पैसे देण्याआधी दहा मिनिटांची क्लिप काढून ती आपल्या मोबाइलवर चालते का, एवढं नक्की बघा.

संगणकावर मी फ्रिगेट टाकलं. ते कॅमेऱ्याचा कमी रिझोल्यूशनचा दुय्यम प्रवाह (सबस्ट्रीम) बघून माणूस, गाडी, कुत्रा ओळखतं आणि मुख्य स्ट्रीम आहे तसा साठवतं. ओळखण्याच्या कामासाठी कोरल नावाचं वेगळं छोटं उपकरण लावता येतं. माझं काम इंटेल प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर, इंटेलच्याच ओपनव्हिनो या सॉफ्टवेअरने भागतं. मध्यंतरी पुन्हा असंच कुणी फुटेज मागितलं. ‘गाडी’ निवडली, वेळ टाकली, छोट्या चित्रांची रांग समोर आली, हवं त्यावर क्लिक केलं आणि एमपी४ पाठवून दिला. ते दारातच उभे होते, त्यांना बसा म्हणायचंही राहून गेलं.

पण हे सुख फुकट मिळत नाही. फ्रिगेटची सेटिंग्ज जिथे लिहायची त्या यामल फाइलमध्ये एक स्पेस इकडची तिकडे झाली की सगळं ठप्प. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला ‘स्मार्ट’ कोडेक (चित्र आणखी दाबून साठवणारी सोय) बंद करावा लागला आणि आय-फ्रेमचं, म्हणजे पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं, अंतर फ्रेमरेटइतकं ठेवावं लागलं, नाहीतर क्लिपची सुरुवात तुटायची. एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या नव्या पद्धतीने जागा वाचते खरी, पण ब्राउझरमध्ये ते कधी दिसतं, कधी नाही. म्हणून मी जुन्या एच.२६४वरच थांबलो. हिशोब सोपा आहे: ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना २ टीबी डिस्क जेमतेम अकरा दिवस पुरते. कॅमेऱ्यांचं इंटरनेट मी राउटरवर तोडलं, तर त्यांची घड्याळं भरकटायला लागली. मग त्याच संगणकाला त्यांचा एनटीपी सर्व्हर, म्हणजे वेळ सांगणारा, केलं. नऊ मिनिटांचा धडा विसरलो नव्हतो.

एकदा तर वीज जाऊन आल्यावर रेकॉर्डिंगची डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे संगणकाला जोडलीच गेली नाही. फोल्डर तेच, नाव तेच, पण रेकॉर्डिंग निमूटपणे सिस्टिमच्या लहान डिस्कवर पडत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी ती तुडुंब. चूक माझीच, कारण डिस्क जागेवर आहे का हे तपासणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. माझ्या त्या डब्यात डिस्क एकच, त्याला असला घोळ घालायला जागाच नाही.

तेव्हा लिनक्सची भीती नसेल आणि महिन्यातून एखादी संध्याकाळ त्यात घालवायला जीव रमत असेल, तर मी संगणकाकडे बोट दाखवीन. तो जुना डबा मी टाकलेला नाही, आई-बाबांकडे बसवलाय. तिथे यामल दुरुस्त करणारं कुणी नाही. फुटेज हवं असलं की फोन येतो आणि मी मॉनिटर काखेत मारून निघतो.