काळं फिनाईल, पांढरं फिनाईल की हायपो? मोठ्या वास्तूची खरेदी ठरवताना

कोटेशन मागवली की प्रत्येकात दर ‘प्रति कॅन’ लिहिलेला असतो, आणि तिथेच फसायला होतं. समजा, 5 लिटरचा एक कॅन 300 रुपयांचा, दुसरा 750चा. पहिला 1:20 प्रमाणात वापरायचा, दुसरा 1:100. दहा लिटरच्या बादलीला पहिला अर्धा लिटर जातो, म्हणजे 30 रुपये. दुसरा 100 मिली, म्हणजे 15. स्वस्त कॅन दुप्पट महाग पडला. मंगल कार्यालय, कॉलेज किंवा एमआयडीसीतली शेड, जिथे दिवसाला वीस-पंचवीस बादल्या लागतात, तिथे दर नेहमी बादलीमागे काढावा.

काळं फिनाईल जुनं आणि अजूनही कामाचं. डांबरी वास, चहाच्या अर्कासारखा रंग, पाण्यात पडताच दुधाळ ढग. घाण, चिखल, सांडपाणी असलं तरी त्याचा जोर फारसा कमी होत नाही, म्हणून सार्वजनिक मुतारी, गटाराची तोंडं आणि कचऱ्याच्या खोलीला मी हेच सांगेन. कॅनवर आयएस 1061 (अशा फिनाईलचं भारतीय मानक) आणि आरडब्ल्यूसी, म्हणजे रिडील-वॉकर गुणांकाचा आकडा पाहा. विषमज्वराच्या जंतूंवर शुद्ध फिनॉलच्या तुलनेत माल किती पट प्रभावी, हे तो आकडा सांगतो. जेवणाच्या पंगतीजवळ मात्र हे नको. वास अन्नाला लागतो. आवारात मांजरं असतील तर आणखी जपा, फिनॉल त्यांना बाधतं.

पांढऱ्या फिनाईलवर बरंच बोलावं लागेल, कारण सगळ्यात जास्त खप आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच. चांगला माल पाइन तेलाचा असतो. बाजारात मात्र ‘कंपाउंड’, म्हणजे तयार घट्ट अर्क, आणून त्यात पाणी घातलं की झालं फिनाईल. बचत गटही असंच बनवतात, आणि त्यांतले काही प्रमाण नीट पाळतात. प्रश्न आहे तो आधीच पाणी घातलेला माल आपण पुन्हा पातळ करतो, याचा. पाणी पांढरं झालं म्हणजे माल कडक, ही समजूत सोडून द्या. पांढरेपणा इमल्शनचा, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या थेंबांचा असतो, त्याचा जंतू मारण्याशी संबंध नाही. ऑफिस, वर्ग, लॉबीत सुवास आणि रोजची पुसापुशी एवढंच हवं असेल तर पांढरं पुरतं. दवाखान्याच्या वॉर्डात त्यावर विसंबू नये.

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, साधारण 10 टक्क्यांचा मिळतो. रक्त सांडलं तर एक भाग हायपो, नऊ भाग पाणी, म्हणजे 1 टक्का. नुसती फरशी पुसायला 0.1 टक्का पुरे: पंधरा लिटरच्या बादलीला 150 मिली. जंतूंवर याच्याइतका स्वस्त इलाज नाही, पण याचे नखरे फार. आधी झाडून, धुऊन घ्यावं लागतं, कारण घाणीत क्लोरीन वाया जातो. स्टीलच्या जाळ्यांना गंज चढतो. आणि उन्हात, पत्र्याखाली ठेवला की माल आतल्या आत मरतो. मी एका कारखान्याच्या स्टोअरला होतो, तिथे स्वस्त पडतो म्हणून मार्चमध्ये ड्रमभर हायपो घेतला. जूनमध्ये शेवटचा तिसरा हिस्सा वापरताना नाकाला वासच येईना. बिल आम्ही क्लोरीनचं भरलं होतं, उरलं होतं जवळपास खारट पाणी.

ब्लिचिंग पावडर हा त्याचा गावाकडचा भाऊ. 25 किलोची गोणी, चांगल्या मालात 30 टक्क्यांवर क्लोरीन. दमट हवेत गोणी उघडी राहिली की ढेकळं होतात आणि तेजही जातं. पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरचं निवळ तेवढं वापरा. नाहीतर चुन्याचा पांढरा थर फरशीवर बसतो आणि तो काढायला ॲसिड शोधत बसावं लागतं.

आता ॲसिड. शहाबादी, कोटा आणि कडप्पा या सगळ्या चुनखडीच्या फरश्या. ॲसिड पडलं की चुर्र करून फेस येतो. तो फेस म्हणजे तुमची फरशी विरघळतेय. मोझॅकमधली संगमरवरी चीपही तशीच जाते. संडासाच्या सिरॅमिक भांड्यापलीकडे ॲसिड नेऊ नका. हायपोच्या बादलीत तर थेंबही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही कॅन एका फळीवर ठेवणारं स्टोअर मी पाहिलंय, दोन्हींची झाकणं निळीच होती.

ठरवायचंच असेल तर माझं मत असं: संडास-गटाराला काळं, दवाखान्याला हायपो, बाकी ठिकाणी पांढरं, तेही प्रमाण लिहून देणाऱ्याकडून. फिनाईलचा ड्रम घेतला तर चालेल, हायपो महिन्याभरात संपेल एवढाच घ्या, तोही हवा जाणाऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये. नाहीतर उन्हाळ्यात कॅन फुगतात. आणि कामगारांना हातमोज्यांसोबत एक मापी मग द्या. नुसत्या अंदाजाने धार ओतली की कधी दुप्पट जाते, कधी निम्मी. पहिल्या महिन्यात कोटेशन दिलेल्यांपैकी दोन पुरवठादारांचे चार-चार कॅनच मागवा, एका मजल्याला एक, दुसऱ्याला दुसरा, आणि बादल्या मोजा.